चालत्या मुक्कामाचा मार्ग

बुलढाणा जिल्ह्याचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग परंपरेने मानले जातात. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा पायनघाटाच्या सपाटीवरून गेला. चिखली, मेहकर ही घाटावरील गावे बाजूला राहिली. स्थिर मार्ग भूमीच्या रचनेप्रमाणे एकदा आखला की पुरतो. परंतु ज्याला निरोप पोहोचवावयाचा तोच स्थान बदलत असेल, तर मार्ग कसा ठरवावा?

हा प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच घाटमाथ्यावर साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. त्या काळी डाकेचे टप्पे ठरलेले असत, पण लष्कराचा मुक्काम ठरलेला नसे. पेशवेकालीन पत्रव्यवहारात जासूदजोडीचा उल्लेख वारंवार येतो. त्या पत्रांतील ‘छ’ या अक्षरापुढे चंद्र व हिजरी महिना लिहिलेला असतो. दोन पत्रे उलट क्रमाने हाती आली, तरी कोणते वर्तमान अलीकडचे हे त्यावरून ठरविता येई.

१९७३ साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने फिरत्या बिनतारी संचांचे जाळे उभारण्याचे काम आरंभिले. यात प्रत्येक संच स्वतःचे निरोप धाडतो व इतरांचे पुढे नेतो. प्रचलित पद्धतीत प्रत्येक केंद्र आपले इतरांपासूनचे अंतर शेजाऱ्यांना कळवीत असे. एखादा दुवा तुटला की शेजारी परस्परांच्या शिळ्या माहितीवर विसंबत आणि निरोप वर्तुळात फिरत राही. १९९४ साली चार्ल्स पर्किन्स व प्रवीण भागवत यांनी ‘डीएसडीव्ही’ पद्धतीत यावर उपाय सुचविला. प्रत्येक केंद्र स्वतःविषयीच्या वार्तेस चढता क्रमांक देते. मोठ्या क्रमांकाची वार्ता ग्राह्य धरावयाची. क्रमांक समान असल्यासच जवळचा मार्ग निवडावयाचा. पत्रावरील चंद्र जे काम करी, तेच हा क्रमांक करतो. या दोहोंत परंपरेचा संबंध नाही. प्रश्न एकच असल्यामुळे उत्तरही सारखे निघाले.

मात्र ताज्या वार्तेस मोल पडते. सतत वार्ता धाडल्याने अरुंद वाहिनी भरते व विद्युत्घट रिता होतो. म्हणून १९९६ मधील ‘डीएसआर’ आणि १९९९ मधील ‘एओडीव्ही’ या पद्धतींनी गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधण्याचे धोरण स्वीकारले. ‘एओडीव्ही’ने चढता क्रमांकही कायम ठेवला. ‘ओएलएसआर’ने वार्ता पसरविण्याचे काम निवडक शेजाऱ्यांवरच सोपविले. तेव्हा कार्यक्षमतेचा विचार केवळ मार्गाच्या लांबीवरून करणे अपुरे ठरते. माहिती किती ताजी आणि ती मिळविण्यास खर्च किती, या दोहोंचा मेळ पाहावा लागतो.

मराठीत आपण ‘मार्ग शोधणे’ म्हणतो. त्यात मार्ग आधीच अस्तित्वात असल्याचे गृहीत आहे. फिरत्या जाळ्यात ते गृहीत टिकत नाही. महापुराने वा भूकंपाने मनोरे निकामी झाले असता माणसांच्या हातांतील संचांनाच परस्परांचा आधार असतो. अशा वेळी शिळी वार्ता ही वार्ता नसण्यापेक्षाही अधिक घातक ठरू शकते.