जुन्या कर्नेलचे पुनर्संकलन

परिचालन प्रणालीच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. राउटर, मापनयंत्रे, यंत्रनियंत्रक इ. उपकरणांतील जुन्या कर्नेलची उद्गम आज्ञावली नव्या संगणकावर पुन्हा यंत्रभाषेत आणणे वरवर सोपे, पण प्रत्यक्षात किचकट असते.

लिनस टोरव्हॉल्ड्स यांचा लिनक्स कर्नेल (१९९१) रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी (१९८७) या संकलकाशी आरंभापासून निगडित आहे. त्या संकलकाच्या खास सोयी कर्नेलमध्ये वापरल्याने संकलक बदलला की काम अडते. २.६ मालिकेतील (२००३ पासून) कर्नेल संकलकाच्या मुख्य आवृत्तिक्रमांकाची स्वतंत्र शीर्षसंचिका शोधीत. त्यामुळे २०१५ मध्ये जीसीसी ५ येताच ती संचिका न सापडून संकलन थांबू लागले. त्याच वर्षी पर्ल ५.२२ ने साहाय्यक आज्ञावलीतील एक जुनी रचना अमान्य केली. २०२० मध्ये जीसीसी १० ने एकच सार्वत्रिक चल अनेक संचिकांत घोषित करण्याची पूर्वापार सवलत मूलतः बंद केली.

यावर दोन उपाय आहेत : कर्नेलमध्ये दुरुस्त्या करणे किंवा जुना संकलक साधनांसह जतन करणे. नवा कर्नेल घेणे नेहमीच शक्य नसते, कारण उपकरणाचे चालक बहुधा जुन्या कर्नेलला जखडलेले असतात. कोल्हापूरसारख्या ओतकाम व यंत्रनिर्मितीच्या केंद्रांत यंत्राचा सांगाडा त्यातील आज्ञावलीहून अधिक काळ टिकतो. संकलन अशक्य झाल्यास सुरक्षेतील उणिवा तशाच राहतात किंवा धडधाकट यंत्र मोडीत निघते. १९९२ पासून लागू असलेल्या जीपीएल परवान्याने कर्नेलची उद्गम आज्ञावली मिळविण्याचा हक्क दिला आहे. तथापि योग्य संकलक जपलेला नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.