सोमलाची हिरवाई

कळकलेल्या तांब्याच्या भांड्यावरचा हिरवट थर आपल्या परिचयाचा आहे. त्याच तांब्याची सोमलाशी, म्हणजे आर्सेनिकाशी गाठ पडली की निसर्ग ‘ऑलिव्हेनाइट’सारखी देखणी हिरवी खनिजे घडवतो. ऑलिव्ह फळासारख्या रंगावरून हे नाव पडले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील तांब्याच्या खाणींतून ते अभ्यासकांच्या हाती आले. काठिण्य अवघे 3, वजनाला पाण्याच्या सुमारे साडेचारपट. कोळशावर तापवले की लसणासारखा वास सुटतो. तीच आतल्या सोमलाची खूण.

दगडातली ही जोडी माणसाने भिंतीवर आणली. 1775 मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांनी तांबे आणि सोमल यांपासून कृत्रिम हिरवा रंग केला. तो स्वस्त आणि टवटवीत होता. एकोणिसाव्या शतकात तो, आणि त्याच जातीचे पुढचे रंग, कापडावर, कागदी फुलांवर आणि भिंतींना चिकटवायच्या नक्षीदार कागदांवर चढले. ओलसर खोल्यांत अशा कागदावर बुरशी धरली की लसणाच्या वासाचा विषारी वायू निघतो, हे 1890 च्या दशकात इटलीच्या गोझिओ यांनी दाखवले.

कॉर्नवॉलला लागून, टॅमर नदीच्या डेव्हनकडील काठावर 1844 मध्ये ‘डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स’ ही तांब्याची खाण सुरू झाली. तांबे घटल्यावर तिथे सोमलाचा धंदा वाढला. खनिज भाजून धुराड्यांत साचलेली पांढरी भुकटी कामगार खरवडून काढत. संरक्षण काय, तर नाकात कापसाचे बोळे आणि तोंडाला फडके!

या खाणीचे शेअर विल्यम मॉरिस यांच्या घराण्याकडे होते. कारागिरीचा आणि पुढे कामगारांचा कैवार घेणारे हेच मॉरिस 1871 ते 1875 या काळात तिचे संचालक होते. त्यांच्या सुरुवातीच्या एका भिंतीच्या कागदात तांबे आणि आर्सेनिक असल्याचे 2003 मध्ये रासायनिक तपासणीत आढळले. 1885 मधील एका पत्रात मात्र त्यांनी सोमलाची भीती हसण्यावारी नेली होती.

मॉरिस यांना ढोंगी म्हणायला माझे मन धजत नाही. सौंदर्यावर त्यांचे खरे प्रेम होते. पण माझ्या मते, ज्या धंद्यावर आपले घर चालते त्याची झळ भल्या माणसालाही उशिरा दिसते. ती खाण 1901 मध्ये बंद पडली. भिंतीवरचा कागद खरवडून काढता येतो. टॅमरकाठच्या त्या मातीतला सोमल अजून तिथेच आहे.