दवनीवाडा ते नागपूर

डोक्याला मार लागल्यावर माणूस जगेल का, हे मार कुठे लागला यावर ठरतं. कवटीवर कुठे नव्हे, नकाशावर कुठे!

दवनीवाड्याचंच बघा. गोंदिया जिल्हा १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण १०८ ची अँब्युलन्स आली २०१४ ला आणि सरकारी मेडिकल कॉलेज २०१६ ला. त्याआधी गंभीर पेशंट म्हणजे मिळेल ती गाडी आणि थेट नागपूर. कवटीत रक्त साचत असेल तर हातात काही तासच असतात.

सीटी स्कॅन १९७१ चा. तो बनवणारा हाउन्सफील्ड आधी कॉम्प्युटर बनवायचा (कॉलर ताठ करू द्या की राव). पण मला जास्त आवडतो १९७४ चा ग्लासगो कोमा स्केल. डोळे, बोलणं, हालचाल. ३ ते १५ गुण. मशीन नको, वीज नको, फोनवरसुद्धा सांगता येतो.

२००९ साली ४६ देशांतल्या ८९२७ पेशंटांचा हिशोब छापून आला. जबर मार असेल तर गरीब-मध्यम देशांत मृत्यूची शक्यता श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे सौम्य आणि मध्यम मारात अपंगत्व मात्र जवळपास निम्मं! घरचे सांभाळून घेतात म्हणून, की घरात सांभाळलेलं अपंगत्व फॉर्मवर उतरतच नाही म्हणून? मला दुसरं जास्त पटतं.