अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात होणाऱ्या त्वचेच्या इजांचा इतिहास हा बव्हंशी त्याला वाचवणाऱ्या साधनांचाच इतिहास आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा स्तर दहा-वीस पदरी असतो. तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्याचा जेमतेम दोन-तीन पदरी, आणि खालच्या थरांची आपापसातली पकडही सैल. त्यामुळे अंगातले पाणी उडून जाते, वर लावलेले औषध आत मुरते आणि चिकटपट्टी काढताना कातडीही निघून येते.

पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अंडी उबवण्याच्या यंत्रावरून बाळांसाठी पेटी करवून घेतली, तेव्हा काळजी उबेची होती. फार लवकर जन्मलेली बाळे जगतच नसत. त्यांच्या कातडीचा विचार कोण करणार?

विसाव्या शतकाच्या मध्यावर स्टॅफिलोकॉकसच्या साथी रोखण्यासाठी नवजातांना ३ टक्के हेक्झाक्लोरोफीन या जंतुनाशकाने आंघोळ घालणे रूढ झाले. साथी आटोक्यात आल्या, पण औषध त्वचेतून शिरून मेंदूला इजा करत होते आणि सर्वाधिक धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होता. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा आंघोळीविरुद्ध इशारा दिला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये, रुग्णालयांबाहेर, चुकून ६ टक्के हेक्झाक्लोरोफीन मिसळलेल्या टाल्कम पावडरीने ३६ मुले दगावली. त्यानंतर त्याच्या वापरावर कडक बंधने आली.

त्याच दशकात नवी यंत्रे आली. रक्तातला प्राणवायू त्वचेवरून मोजणारा संवेदक ४३-४४ अंशांपर्यंत तापवावा लागे. दर काही तासांनी जागा बदलली नाही, तर त्वचा भाजे. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅपचे, म्हणजे श्वासमार्गात सतत दाबाने हवा देण्याच्या पद्धतीचे, यश प्रसिद्ध केले. पुढे ही हवा नाकातून देऊ लागल्यावर नळ्यांनी नाकाचा पडदा दाबला जाऊ लागला. लोझानमधील २०१० च्या अभ्यासात अशा ९८९ बाळांपैकी ४२.५ टक्क्यांच्या नाकाला इजा आढळली. बहुतेकांत ती न ओसरणाऱ्या लालीपुरतीच होती.

त्वचेच्या निगेचे नियम बांधायला पुढाकार घेतला तो परिचारिकांनी. अमेरिकेतील त्यांच्या दोन संघटनांची मार्गदर्शिका २००१ च्या सुमारास आली: चिकटपट्टी कमीत कमी वापरा, बत्तीस आठवड्यांआतल्या बाळाला पहिल्या आठवड्यात नुसत्या कोमट पाण्याने पुसा. मलमाबाबत मात्र एकमत टिकले नाही. २००४ च्या मोठ्या चाचणीत, सर्वांना सरसकट मलम लावल्यावर अगदी लहान बाळांत काही जंतुसंसर्ग वाढलेले दिसले. उलट ढाक्यातील २००५ च्या अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाच्या मालिशीने रुग्णालयातील संसर्ग ४१ टक्क्यांनी घटले.