गारगोटी आणि पैलू

राहाता म्हटले की कुणाला पेरूच्या बागा आठवतात, कुणाला शिर्डीची वाट आठवते. मी तुम्हांला आज तिथल्या एखाद्या नव्या विहिरीच्या काठावर नेणार आहे. पाण्यासाठी नव्हे, विहिरीतून वर काढलेल्या दगडांच्या ढिगासाठी. काळी माती संपली, मुरूम संपला, की त्या भागात काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून जो तप्त रस थरावर थर वाहिला, तो हा पाषाण. तो निवताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे लक्षावधी वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक आणि स्फटिक भरले. सुरुंगाने पाषाण फुटला की ते बाहेर पडतात. पोरे त्यांतल्या दोन गारगोट्या उचलतात, अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाहतात आणि फेकून देतात.

ह्या फेकलेल्या दगडाला माणसाने पैलू कसा पाडला आणि कशाने पाडला, ती हकिकत आज सांगायची आहे. राजेरजवाड्यांच्या रत्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रत्न घडवणाऱ्या हत्यारांवर मात्र कोणी फारसे बोलत नाही. आणि त्यामुळे एक गैरसमज पक्का होऊन बसला आहे. तो असा, की आपल्याकडे खाणी होत्या, दगड होते, पण पैलू पाडण्याची विद्या काही आपल्या कारागिरांना साधली नाही, ती विलायतेहून आली. हे कितपत खरे, ते पाहू.

राहाता तालुक्याच्या उत्तरेला पुणतांब्याशी गोदावरी आहे, दक्षिणेला कोल्हारशी प्रवरा. प्रवरेच्या काठाने वर गेले तर संगमनेर तालुक्यातले जोर्वे गाव लागते, खाली गेले तर दायमाबाद आणि मग नेवासे. तिन्ही नावे पुराणवस्तुशास्त्राच्या पुस्तकांत जगभर गेलेली आहेत. जोर्व्याला १९५०-५१ साली आणि नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. दायमाबादला १९५८ पासून १९७९ पर्यंत तीन वेळा खोदकाम झाले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. तांबे माहीत होते, पण महाग होते, म्हणून रोजच्या कामाची सुरी दगडाचीच असे. गारगोटीच्या जातीच्या दगडातून बोटभर लांबीची, दोन्ही कडा समांतर असलेली पाती ही माणसे अशी काही काढीत की पाहत राहावे. आणि त्याच वस्त्यांत अकिकाचे, लाल इंद्रगोपाचे मणी सापडले.

आता मणी करणे म्हणजे काय, ते नीट ध्यानात घ्या. अकीक पोलादी सुरीने ओरखडत नाही, उलट सुरीवरच रेघ उमटते. मग तो घडवायचा कसा? ही रीत गुजरातेत खंबायतच्या कारागिरांनी आजवर सांभाळली, आणि केनॉयर, विदाले व कुलदीप भान या संशोधकांनी १९८९ नंतर ती तेथे बसून बारकाईने टिपली. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद धगीवर तापवतात. त्यातले लोह तांबडे होते आणि मळकट दगड लाल होऊन बाहेर येतो. मग जमिनीत टोकदार लोखंडी सळई रोवायची, दगड डाव्या हाताने तिच्या टोकाला टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकायचे. ठोका शिंगाचा, पण कपची उडते ती सळईच्या बाजूने. शिंग का? लोखंडाचा घाव एका जागी बसतो नि दगड तडकतो, शिंग घाव पसरवून देते. अशा शेकडो टिचक्यांनी दगड मण्याच्या आकाराला येतो. नंतर घासणे, आणि शेवटी दोन्ही अंगांनी भोक पाडणे. एकाच बाजूने पाडले तर दुसऱ्या टोकाला कपची उडते. खंबायतेत या सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवतात आणि तो कमानीने फिरवतात. प्रवराकाठच्या मणीकाराजवळ हिरकण्या नव्हत्या, पण हातांची ही कसरत त्यालाही चुकली नसणार.

सातवाहनांच्या काळात प्रवरेचे नि गोदेचे हे खोरे थेट जगाच्या बाजाराशी जोडले गेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पोथीत नोंद आहे, की पैठणहून अकिकाच्या जातीचा दगड गाड्या भरभरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांवर. म्हणजे जो दगड आज आपण विहिरीच्या काठावर टाकतो, त्याच्या बैलगाड्यांची रांग दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्याच्या डोळ्यांत भरली होती.

आणि याच काळच्या मण्यांत पैलू दिसू लागतात. गोल, लांबट मण्यांच्या जोडीला सहा बाजूंचे, दोन्ही टोकांना निमुळते, कोपरे छाटलेल्या फाशासारखे मणी येतात, स्फटिकाचे, जांभळ्या याकुताचे, लाल अकिकाचे. स्फटिक निसर्गतःच षट्कोनी वाढतो. कारागिराने ती खूण ओळखली आणि इतर दगडांवरही उतरवली, असे मला वाटते. हत्यार साधेच, एक सपाट सहाण, तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी. कुरुंद म्हणजे माणिक-नीलमाचाच गरीब भाऊ, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. इंग्रजी शास्त्रातले त्याचे नाव 'कोरंडम' हेदेखील दक्षिणेतल्या 'कुरुंदम्' शब्दावरूनच गेलेले आहे, बरं का. मणी बोटांत धरून घासायचा, सहा बाजू सारख्या येईपर्यंत. कोन मोजायला काही नाही. मनगट हेच माप.

पुढे सहाणेचे चाक झाले. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून तिची जाड चकती करायची, ती आसावर बसवायची, आसाला कमानीची दोरी गुंडाळायची. उजवा हात कमान मागेपुढे ओढतो, चाक इकडून तिकडे गरगरते, आणि डाव्या हातात लाखेने काडीच्या टोकाला चिकटवलेला खडा चाकावर टेकलेला असतो. एकाच माणसाने यंत्रही चालवायचे नि कामही करायचे. सुतार, कासार, मणीकार, सगळ्यांची कमान एकाच कुळातली.

हिऱ्याला मात्र कुरुंद लागत नाही. हिरा हिऱ्यानेच घासावा लागतो. आपल्या काळ्या पाषाणात हिरा नाही, म्हणून ह्या हत्यारासाठी कृष्णाकाठी, गोवळकोंड्याच्या मुलखात जावे लागते. तेथे सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या पुनःपुन्हा आला. गोवळकोंड्याहून पाच दिवसांच्या वाटेवर राओलकोंडा नावाची खाण होती. तेथल्या कारागिरांचे त्याने जे वर्णन केले आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. प्रत्येकाकडे एकच पोलादी चाक, जेवणाच्या ताटलीएवढे. त्यावर एका वेळी एकच खडा. आधी पाणी शिंपडून खड्याची रग, म्हणजे तो कोणत्या दिशेने घासला जातो, ती शोधायची. ती सापडली की तेल आणि हिऱ्याची पूड. झिलई युरोपसारखी येत नाही, असेही तो म्हणतो, पण त्याचे कारण तो कारागिराच्या अंगी लावीत नाही. पोलादी चाक दररोज कुरुंदाने घासून सारखे करावे लागे, त्यासाठी ते आसावरून उतरवावे लागे, आणि परत बसवले की पहिल्यासारखे डगमगल्याशिवाय फिरत नसे. लोखंडी चाक असते तर कानशीने जागच्या जागी सारखे करता आले असते. पाहा, दोष चाकाच्या बैठकीत होता!

त्याहून मोठी गोष्ट त्याने पुढे सांगितली आहे. खडा स्वच्छ असला तर हे कारागीर त्याला वरवर एक हात फिरवून सोडून देत, आकार बदलीत नसत, कारण वजन घटते. खड्यात डाग, चीर किंवा वाळूसारखा ठिपका असला, तरच त्याच्यावर पैलू पाडीत, म्हणजे दोष त्या झगमगाटात लपावा. गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असणार. पुष्कळ पैलूंचा खडा पुढे आला की शहाण्याने विचारावे, काय हो, काय झाकले आहे? आज आपण एखाद्याचा गौरव करताना त्याला अष्टपैलू म्हणतो. त्या बाजारात त्याचा अर्थ निराळाच लागला असता. जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतही उत्तम हिऱ्याचे लक्षण सहा कोन, आठ फलक आणि बारा धारा असे दिले आहे. तो खाणीतून निघालेला मूळचा हिराच होय, माणसाचा हात न लागलेला.

म्हणजे त्यांना येत नव्हते असे नव्हे. त्यांना हवे होते ते वेगळे होते. कोंदणात बसवलेल्या खड्याच्या पाठीशी चांदीची चमकती पत्री घालीत, उजेड ती पत्री परतवी. खड्याचा तळ सपाट असला तरी बिघडत नसे, उलट वजन राही. आणि विलायती हात लागला म्हणजे काम सुधारलेच, असेही नाही. बादशाही खजिन्यातला सर्वांत मोठा हिरा होर्तेन्सिओ बोर्जियो नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने घासला. ताव्हेर्नियेने तो १६६५ साली औरंगजेबाच्या दरबारात पाहिला, तेव्हा ७८७ कॅरटांचा कच्चा हिरा २८०च्या घरात आला होता. मजुरी देण्याऐवजी बोर्जियोला १०,००० रुपये दंड झाला.

युरोपात उलट हिशोब वाढत गेला. वजन गेले तरी चालेल, खड्यात शिरलेला उजेड वरूनच बाहेर आला पाहिजे. ह्या हिशोबाचा फटका आपल्या शेजारच्या नाशिकच्या हिऱ्याला बसला. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो हा हिरा दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला नि लंडनला गेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटांचा होता. रंडेल आणि ब्रिज या पेढीने तो पुन्हा घडवला, दहा-अकरा कॅरट गेले. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने आणखी एकदा घडवला आणि ४३.३८ कॅरट उरले. निम्म्याहून अधिक नाशिकचा हिरा चाकावर पूड होऊन गेला! कोहिनूरचेही १८५२ साली तेच झाले. तिथे तर चाक फिरवायला वाफेचे यंत्र होते. ३८ दिवसांत १८६ कॅरटांचे १०५ वर आले. आता हिऱ्याला पुन्हा कोणी जोडणार थोडाच?

उजेडाचा हिशोब मात्र खोटा नाही, हेही सांगितले पाहिजे. स्फटिकात शिरलेला किरण तळाच्या पैलूवर आदळतो. तो पैलू ४० अंशांहून थोडा अधिक उभा असला तर किरण परत फिरतो. त्याहून पसरट असला तर खालून निसटतो आणि खड्याच्या मधोमध काचेसारखी पोकळ जागा दिसते. दोन-तीन अंशांचा हा खेळ. मनगटाने तो प्रत्येक वेळी साधणार कसा? म्हणून चाकाशेजारी खांब आला, त्याला भोके पाडलेली फळी आली. काडीचे शेपूट वरच्या भोकात खोचले की काडी उभी राहते, खालच्या भोकात खोचले की आडवी होते, आणि एका भोकातले सगळे पैलू एकाच कोनाचे येतात. काडी हातातच राहिली, फक्त तिला टेकायला जागा मिळाली. मला विचाराल तर ह्या सगळ्या कहाणीतली सर्वांत हुशारीची वस्तू ही भोकांची फळी. आजच्या यंत्रात फळीच्या जागी अंशांची तबकडी आणि बहुधा ९६ दात्यांचे चक्र असते. बारा दाते सोडून अडकवले की आठ पैलू बरोबर सारख्या अंतरावर पडतात.

तरी प्रत्येक चमकणारा दगड ह्या चाकाला वश होत नाही. राहात्याला लागूनच राहुरी तालुका आहे. तेथे मोमीन आखाड्याला विहिरीच्या पाषाणात ॲपोफिलाइटचे हिरवे खडे निघाले. काचेसारखे नितळ, गोळ्यासारखे घोस करून वाढलेले, पाहणाऱ्याची नजर ठरू नये असे. पण तो दगड सुरीने ओरखडतो आणि एका दिशेने पापुद्र्यासारखा सहज दुभंगतो. चाकावर धरला की फुटण्याची भीती. त्यामुळे त्याला सहसा कोणी पैलू पाडीत नाही. निसर्गाने पाडलेल्या पैलूंसकट, खाली चिकटलेल्या काळ्या पाषाणाच्या तुकड्यासह तो जसाच्या तसा विकला जातो, आणि देशोदेशीच्या संग्रहांत जाऊन बसतो. आपल्या बाजूची अशी खनिजे पाहायची असली तर फार लांब जायला नको. शिर्डीहून मुंबईच्या वाटेवर सिन्नरला त्यांचे एक संग्रहालय आहे, आणि त्याचे नावच गारगोटी आहे.