खिडकीत बसलेली हॅना



आखूड कोट, ढगळ विजार, पायापेक्षा मोठे बूट, डोक्यावर बारकी टोपी, ओठावर टिचभर मिशी आणि हातात काठी. एवढं सांगितलं की नाव सांगावं लागत नाही. चार्ली चॅप्लिन! आज आपण त्याच्या मूकपटांविषयी बोलणार आहोत. पण सुरुवात करू या त्याच्या आईपासून. कारण न बोलता हसवण्याची विद्या आपण आईकडून शिकलो, असं चार्लीनं स्वतः सांगून ठेवलं आहे.

तिचं नाव हॅना. लंडनच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्तीत ती राहायची. लिली हार्ली या नावानं ती रंगमंचावर गाणी म्हणायची. नवराही गायक, पण दारूच्या आहारी गेलेला. चार्ली लहान असतानाच दोघं वेगळी झाली. हॅनाच्या पदरात दोन मुलगे राहिले : थोरला सिडनी आणि १६ एप्रिल १८८९ ला जन्मलेला चार्ली.

हॅनाचा घसा सारखा बसू लागला. चार्ली पाच वर्षांचा असताना अल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावात तिचा आवाज गाता गाता फुटला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मॅनेजरनं आत उभ्या असलेल्या पोराचा हात धरून त्याला पुढे केलं. चार्लीनं गाणं सुरू केलं आणि लोकांनी पैसे फेकले. पोरगं थांबलं आणि म्हणालं, आधी पैसे गोळा करतो, मग गातो. सगळे हसले. मॅनेजर रुमालात पैसे वेचायला आला, तर हा त्याच्या मागे मागे. पैसे आईच्या हाती पडल्यावरच परत आला. मग त्यानं आईचं गाणं म्हटलं, तेही तिच्या फुटलेल्या आवाजासकट! लोक आणखी हसले. चार्लीच्या आठवणीप्रमाणे रंगमंचावरची त्याची ही पहिली रात्र आणि आईची शेवटची.

त्यानंतर हॅना शिवणकाम करू लागली. नगावर मजुरी, हप्त्यावर घेतलेलं शिलाई मशीन आणि डोकेदुखीचं दुखणं. हप्ते थकले आणि मशीन उचलून नेलं. हप्त्याचं ओझं काय असतं, हे आपल्या बचत गटांना वेगळं सांगायला नको. १८९६ मध्ये तिघांनाही ‘वर्कहाउस’मध्ये जावं लागलं. ज्यांना कुठेच थारा नाही अशा गरिबांना ठेवण्याची ती जागा. तिथल्या नियमानं आई बायकांच्या भागात आणि पोरं मुलांच्या भागात. पुढे मुलांना तर शहराबाहेरच्या शाळेत पाठवलं.

हॅनानं काय करावं? तिनं अर्ज केला की आम्ही तिघं बाहेर पडतो. अंगावरचे चुरगळलेले कपडे परत मिळाले आणि तिघं केनिंग्टनच्या बागेत गेली. सिडनीकडे रुमालात बांधलेले नऊ पेन्स होते. त्यातून पाव किलोच्या आसपास काळ्या चेरी घेतल्या. कागदाच्या बोळ्याला सुतळी गुंडाळून चेंडू केला आणि तिघं खेळली. दुपारी एक गोड पाव, एक खारवलेला मासा आणि दोन कप चहा वाटून घेतला. संध्याकाळी तिघं पुन्हा वर्कहाउसच्या दारात हजर, चहाच्या वेळेला! अधिकारी संतापले, कारण त्यांना सगळे सोपस्कार पहिल्यापासून करावे लागणार होते. नियम न मोडता नियमालाच चकवणारी ही बाई पाहिली, की पोलिसाला हुलकावणी देणारा पडद्यावरचा चार्ली आठवतो.

बऱ्या दिवसांत हॅना खिडकीत बसायची आणि रस्त्यावरच्या माणसांकडे बघत बघत त्यांची नक्कल करायची. एखादा माणूस बूट न पुसता, रागानं पाय आपटत चालला असेल, तर ती म्हणायची, हा बायकोशी भांडून न्याहारी न करता निघाला आहे. आणि खरंच, तो पुढे पाव विकत घ्यायला थांबायचा. चालण्यावरून, खांद्यावरून माणसाच्या मनातलं ओळखायचं, हे चार्ली तिथे शिकला. त्यासाठी शाळा नव्हती, फी नव्हती. त्या खिडकीची नोंद कुठल्याही सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाही.

१९०३ मध्ये हॅनाच्या मनाचा तोल पुरता ढळला. शेजारच्या मुलांना ती वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटत होती. सिडनी तेव्हा जहाजावर कामाला होता. चौदा वर्षांच्या चार्लीनं तिला हाताला धरून चालत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं : उपासमार.

पुढे चार्ली नाटक कंपनीबरोबर अमेरिकेला गेला. फेब्रुवारी १९१४ मध्ये त्याचा तो फाटका भटक्या पडद्यावर आला आणि थोड्याच वर्षांत जगभर पोहोचला. पण त्याच्या चांगल्या सिनेमांकडे नीट पाहिलं, तर लंडनची ती खोलीच दिसते. ‘द किड’ हा १९२१ चा सिनेमा घ्या. एकटी पडलेली आई बाळाला सोडून देते आणि हा भटक्या त्याला वाढवतो. मग अनाथालयाची माणसं येऊन पोराला गाडीत घालतात. पोर हात पसरून रडतं आणि भटक्या छपरांवरून धावत जाऊन त्याला सोडवतो. सात वर्षांच्या चार्लीला सोडवायला असं कुणी आलं नव्हतं.

१९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये भुकेनं व्याकूळ झालेला भटक्या बूट शिजवतो, नाड्या शेवयांसारख्या खातो आणि खिळे हाडकासारखे चोखतो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता. पण भूक चार्लीच्या ओळखीची होती. म्हणून आपण हसतो, तरी भुकेल्या माणसाला हसत नाही.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. तिथे चार्ली त्यांना भेटला आणि त्यानं विचारलं, यंत्रांना तुमचा विरोध का? गांधीजींनी सांगितलं की यंत्रांमुळे भारत इंग्लंडवर अवलंबून राहिला, म्हणून आपलं सूत आपण कातायचं. पाच वर्षांनी ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यात जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी कामगाराला भरवणारं यंत्रच बिघडतं आणि चार्लीच्या तोंडाची दैना करतं. तोवर सगळीकडे बोलपट आले होते, पण भटक्या इंग्रजी बोलला तर इतर देशांतल्या लोकांना तो परका होईल, म्हणून चार्लीनं त्याला बोलतं केलं नाही. आपल्याकडे राज कपूरनं ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ मध्ये याच भटक्याला हिंदीत आणलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पस्तिसाव्या वर्षी चार्लीनं सोळा वर्षांच्या लिटा ग्रेशी लग्न केलं आणि १९२७ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. पडद्यावर कनवाळू दिसणारा माणूस घरातही तसाच असतो, असं नाही.

हॅनाला तिच्या मुलांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियाला नेलं. समुद्राजवळ घर आणि देखभालीला माणसं, असं सुख तिला शेवटची सात वर्षं मिळालं. १९२८ मध्ये ती गेली.

सख्यांनो, ‘द किड’ साधारण तासाभराचा आहे. गटाच्या बैठकीनंतर मोबाइलवर किंवा शाळेच्या पडद्यावर सगळ्या मिळून पाहा. त्यात बोलणं नाही, त्यामुळे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना सारखाच कळेल. आणि पाहून झालं की एकमेकींना विचारा, आपल्या घरात हुबेहूब नकला करून हसवणारी कोण होती, आणि तिला त्याबद्दल कधी कुणी शाबासकी दिली होती का?