यवतमाळचे साप्ताहिक आणि मुंबईचा सौदा

जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहून साप्ताहिकाच्या रूपात चालवलेले ‘लोकमत’ १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरात दैनिक झाले, आणि २००८ मध्ये याच समूहाने राघव बहल यांच्या नेटवर्क-१८शी भागीदारी करून ‘आयबीएन लोकमत’ ही वृत्तवाहिनी सुरू केली; त्यामुळे नेटवर्क-१८च्या मालकीविषयी पुढे जे तर्क लढवले गेले, त्यांचा एक धागा यवतमाळपर्यंत पोहोचतो.

या तर्कांना जोर आला तो जानेवारी २०१२ मध्ये. कर्जाने वाकलेल्या नेटवर्क-१८ समूहाच्या प्रवर्तक कंपन्यांची परिवर्तनीय ऋणपत्रे, म्हणजे पुढे समभागांत बदलता येणारे कर्जरोखे, रिलायन्सने एका न्यासामार्फत घेण्याचे ठरवले, आणि त्याच व्यवहारात ईनाडू समूहाच्या ईटीव्ही वाहिन्यांमधील हिस्सा (ईटीव्ही मराठीचा निम्मा) सुमारे २,१०० कोटी रुपयांना नेटवर्क-१८कडे जायचा होता. सावकार उद्या मालक होईल, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता. कागदावर तो अटळच होता म्हणा. मे २०१४ मध्ये रिलायन्सने ताबा घेण्यासाठी ४,००० कोटींपर्यंतची तरतूद मंजूर केली, आणि जुलैत संपादक निखिल वागळे आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले.

दुसरे भाकीत खुद्द रिलायन्सचे होते: या वाहिन्यांचे कार्यक्रम तिच्या येऊ घातलेल्या चौथ्या पिढीच्या इंटरनेट सेवेला प्राधान्याने मिळतील. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये ही सेवा जिओ या नावाने आली तेव्हा लोकांना ओढले ते फुकट इंटरनेटने. कार्यक्रमांच्या जोरावर प्रेक्षक खेचण्याचे गणित पुढे क्रिकेटने जुळवले, कारण नेटवर्क-१८ समूहाच्या व्हायाकॉम-१८ने २०२२ मध्ये आयपीएलचे डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना घेऊन पुढच्या वर्षी सामने मोफत दाखवले. मराठी वाहिन्यांच्या वाट्याला या हिशेबात फारसे काही आले नाही: ईटीव्ही मराठीची २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली, आयबीएन लोकमतची पुढे न्यूज१८ लोकमत.

२०१२ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या मालकीची असलेली, आणि २०१९ मध्ये डिस्नेकडे गेलेली, प्रतिस्पर्धी स्टार इंडियाही १४ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हायाकॉम-१८शी एकत्र आली. त्या संयुक्त कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आले आणि तिचे नियंत्रण रिलायन्सकडे गेले.